पार्सल आलंय, सोडवून घ्या!

महाळुंगे म्हटलं की पुण्यातल्या आयटीवाल्या मंडळींना बालेवाडी स्टेडियम आठवतं, उंच टॉवर आठवतात आणि पाठोपाठ ईएमआय आठवतो. ते महाळुंगे वेगळं. दुसरं महाळुंगे पडवळ, आंबेगाव तालुक्यातलं, हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. आणि तिसरं आमचं, महाळुंगे इंगळे. खेड तालुका, चाकणला खेटून, चाकण-तळेगाव रस्त्यावर. पत्त्यात पिनकोड चुकला की पार्सल कुठल्या महाळुंग्याला जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमचंही आधी बालेवाडीला फिरून आलं. स्टुटगार्टहून मुंबईत यायला त्याला दोन दिवस लागले आणि एका महाळुंग्यातून दुसऱ्या महाळुंग्यात यायलाही तेवढेच!

गोष्ट नोव्हेंबर 2025 ची. मी वाकडच्या एका कॉफी शॉपमध्ये बसून डेडलाइनशी मारामारी करत होते आणि काकूचा फोन आला.

“अगं, कुरिअरचा पोरगा दारात उभा आहे. खोक्यावर तुझं नाव आहे. पण चौदा हजार चारशे एक रुपये मागतोय. देऊ का? कपाटात आहेत.”

“देऊ नकोस! त्याला परत पाठव. मी येते.”

खोक्यात काय आहे ते मला माहीत होतं. काकांचा कॅमेरा. जुना, रोलवाला याशिका. काका चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. एका वर्षीच्या बोनसमधून त्यांनी लक्ष्मी रोडवरून तो आणला आणि मग घरातली एकही पूजा, एकही बारसं त्यांनी सोडलं नाही. माझे लहानपणचे जे काही फोटो आहेत ते सगळे त्याच डब्याने काढलेले. बारावीनंतर मी मास कॉम करणार म्हटल्यावर घरात सुतक आलं होतं. तेव्हा ‘करू द्या की पोरीला’ असं म्हणणारा एकच माणूस होता, तो हाच. 2023 मध्ये काका ताईकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, स्टुटगार्टला सहा महिन्यांसाठी गेले. कॅमेरा अर्थातच गळ्यात. तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं. काका अस्थी होऊन परत आले, कॅमेरा राहिला. दोन वर्षांनी कपाट आवरताना ताईला तो सापडला आणि तिने तो मला पाठवला. माझ्या फ्लॅटवर दिवसा कुणी नसतं, म्हणून पत्ता काकूचा.

तर अशी आमची स्वारी स्कूटरवरून निघाली. नाशिक फाटा, मोशी, चाकणचा तळेगाव चौक, तिथून डावीकडे. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी केला नाही त्यांनी वीकएंडला मुद्दाम करू नये. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मध्ये खड्डा आणि खड्ड्यात आपण. खराबवाडी मागे पडली की महाळुंगे येतं, पण आल्याचं कळत नाही. वेस नाही, कमान शोधावी लागते. आधी वजनकाटे दिसतात, मग टायरवाले, मग ‘रूम भाड्याने मिळेल’च्या पाट्या आणि अमृततुल्यच्या बाहेर मोबाइलमध्ये डोकं घातलेले युनिफॉर्ममधले पोरगे. मराठवाड्यातले, बिहारचे, ओडिशाचे. बजाज ऑटोचा चाकण प्रकल्प या गावाच्या पत्त्यावर आहे. फोक्सवॅगनचा, 2009 मध्ये सुरू झालेला, निघोजे-महाळुंगे-खराबवाडीच्या शिवारात पसरलाय. समुद्र इथून बराच दूर, विमानतळही इथला नाही (चाकणकडे होणार होणार म्हणून बरीच वर्षं गाजला आणि 2016 मध्ये पुरंदरला गेला). तरी इथली पानटपरीसुद्धा न्हावा शेव्याचं बोलते. ‘कंटेनर लागला’, ‘बिल ऑफ एंट्री झालं’, ‘माल सुटला का?’ आपल्याकडे लोक जसं पाऊस पडला का विचारतात तसं.

काकूच्या घरी गेले की मी आधी स्वयंपाकघरातलं फडताळ बघते. काकांनी ते पॅकिंगच्या लाकडाचं बनवलं होतं. इम्पोर्टेड मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्या पाइनच्या फळ्या इथे भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. निम्म्या गावाची कपाटं, कोंबड्यांची खुराडी, टपऱ्यांची बाकडी त्यांचीच आहेत. प्रत्येक फळीवर गव्हाच्या लोंबीचा एक शिक्का असतो, शेजारी देशाचं अक्षरी नाव आणि ‘एचटी’. म्हणजे लाकूड भट्टीत तापवलंय, किडे मेलेत, आता खुशाल सीमा ओलांडू द्या. काकूच्या फडताळावर ‘डीई’ आहे. जर्मनी. त्यावर तिखटाचा डबा.

“जेव आधी,” काकू म्हणाली. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. मग हळूच: “पैशाचं काही नाही गं. पण मला एक सांग. त्यांच्याच बोनसातून घेतलेला, ह्याच घरातनं गेलेला. आपलीच वस्तू आपल्या घरी यायला पैसे कसले?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गावात ज्याच्याकडे ते असेल असा एक माणूस मला माहीत होता. माझा निगडीच्या शाळेतला बेंचमेट. बीकॉम केलं, दोन वर्षं टाइमपास केला, मग एका सीएचएकडे लागला. सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट. 2013 पासून कायद्यात त्यांना ‘कस्टम्स ब्रोकर’ म्हणतात, पण महाळुंग्यात तुम्ही ब्रोकर म्हणालात तर लोक तुम्हाला प्लॉट दाखवायला नेतील. या धंद्यात कार्डं असतात. नवशिक्याला एच कार्ड, परीक्षा पास झाला की जी कार्ड, आणि मोठी परीक्षा झाली की एफ. पठ्ठ्या जी कार्डवाला आहे. “नाव छापू नकोस,” एवढ्या एका अटीवर त्याने मला लंच टाइम दिला. ऑफिस पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर. खाली पॅलेट, वर फाइली.

मी बिल पुढे टाकलं. त्याने ते दहा सेकंदांत वाचलं आणि पेनाने मध्ये एक आडवी रेघ मारली.

“ही दोन बिलं आहेत. वरचं सरकारचं, खालचं कुरिअरचं. तुम्ही लोक दोन्ही एकत्र वाचता आणि सरकारला शिव्या घालता.”

वर होते 10 हजार 330. सीमाशुल्क आणि आयजीएसटी मिळून. खाली तीन ओळी. आपल्या वतीने ड्युटी आधी भरल्याची फी 1500, क्लिअरन्स हाताळणी 750, साठवणूक 1200. झाले 3450. त्यावर 18 टक्के जीएसटी, 621. एकूण 4 हजार 71.

“पण ही भेट आहे ना! ताईने खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, गिफ्ट म्हणून.”

तो हसला. आणि इथून माझी शिकवणी सुरू झाली.

पूर्वी परदेशातून आलेल्या पाच हजारांपर्यंतच्या भेटीला ड्युटी माफ होती. मग परदेशी शॉपिंग साइट्सनी त्याचा असा काही फंडा केला की टी-शर्ट, पर्स, चपला, सगळंच ‘भेट’ म्हणून येऊ लागलं. 12 डिसेंबर 2019 ला विदेश व्यापार महासंचालनालयाने दरवाजा बंद केला. टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल सोडवणंच बंद. अपवाद दोन. जीव वाचवणारी औषधं आणि राखी. हो, राखी! पण फक्त राखी. सोबत चॉकलेटचा बॉक्स असेल तर तो भेट झाला. (त्याच 12 डिसेंबरला, 1930 साली, पडवळच्या महाळुंग्याचे बाबू गेनू मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले होते. अधिसूचना काढणाऱ्याच्या हे लक्षात असण्याची शक्यता कमी.)

“म्हणजे ‘गिफ्ट’ लिहून उपयोग शून्य. आता किंमत बघ. दोनशे युरो कुणी लिहिले?”

ताईने. काउंटरवरच्या बाईने विचारलं, विमा कितीचा? ताईला वाटलं, बाबांची वस्तू आहे, हरवली तर? तिने दोनशे सांगितले. बाजारात त्या जुन्या याशिकाला तीस-चाळीस युरो मिळाले असते की नाही शंका आहे. पण तुम्ही विम्यासाठी जो आकडा लिहिता तोच कस्टमच्या टेबलावर वस्तूची किंमत होऊन बसतो. म्हणजे ताईने माया जितकी जास्त लिहिली तितका कर वाढला. खोटी कमी किंमत लिहा असं नाही, तो गुन्हा आहे आणि पार्सल अडकतं ते वेगळंच. पण खरी किंमत लिहायला हरकत नव्हती.

पुढचा धक्का. ड्युटी नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तू, तिचं भाडं आणि विमा, या तिन्हींच्या बेरजेवर लागते. ताईने पाठवण्याचे साठ युरो मोजले होते. विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरत नाहीत, म्हणून त्यातले चाळीसच धरले गेले. एवढीच काय ती दया. आणि मग आयजीएसटी येतो तो या बेरजेवर नाही, ही बेरीज अधिक ड्युटी, त्यावर. समजा सगळं मिळून शंभराचा माल, ड्युटी वीस, तर आयजीएसटी एकशे वीसवर. कराला कर!

“मग खाली तुमच्या कारखान्यांना हे परवडतं कसं?” मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. तीन कंटेनर उभे होते. तिन्हींवर सील.

“कारखाना भरतो तो आयजीएसटी त्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो. त्याच्यासाठी तो खर्च नाही, उसनवारी आहे. आमची फीसुद्धा वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली असते. अमुक इतके रुपये एका बिल ऑफ एंट्रीला, एक पैसा जास्त नाही. माल जहाजावर चढायच्या आधी खर्चाचा तक्ता तयार असतो. तुझ्यामागे कुणी नाही. साखळीत तू शेवटची. तुझा कर तुझ्यापाशीच थांबतो, आणि फी किती ते तुला माल दारात आल्यावर कळतं.”

हे मात्र माझ्या डोक्यात गेलं. कर एक वेळ ठीक. बजेट वाचलं नाही ही माझी चूक. (बजेटवरून आठवलं, माझं बिल भरल्यावर तीनच महिन्यांत, 1 फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात, वैयक्तिक वापराच्या आयातीवरचा दर 20 वरून 10 टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. आमचं टायमिंग नेहमीच असं.) पण खालच्या चार हजारांचं काय? कुणीतरी माझ्या नावाने माझा कर भरला, मला न विचारता, आणि त्या न मागितलेल्या उसन्याची फी लावली. तीही मी नाही म्हणू शकत नाही अशा जागी, दारात, काकूच्या हातात खोकं अर्धं टेकवून. खरं तर किंमतपत्रक त्यांच्या वेबसाइटवर कुठेतरी खोल पुरलेलं असतं. ताईने पाठवताना दोन प्रश्न विचारले असते तर पुरे होतं. ड्युटी पाठवणारा भरणार की घेणारा? आणि घेणाऱ्याने भरायची तर तुमची फी किती? साध्या टपालाने पाठवलं असतं तरी ड्युटी लागलीच असती, पण मधल्या माणसाची फी किरकोळ असते. दोन आठवडे उशीर झाला असता. दोन वर्षं कपाटात होता तो कॅमेरा, त्याला कसली घाई होती?

आता साठवणुकीचे बाराशे. ते माझं पाप. मुंबईत माल अडकल्यावर कुरिअर कंपनीने मला मेल केला होता, केवायसीसाठी, ओळखपत्र द्या म्हणून. मी तो फ्रॉड समजून उडवला! हसू नका. ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ या वाक्याने सुरू होणारे फोन तुम्हालाही आले असतील. तोतया अधिकारी, व्हिडिओ कॉल, धमक्या, मग पैसे. त्या भीतीने मी खऱ्या मेलला पाच दिवस उत्तर दिलं नाही आणि खोकं तेवढे दिवस भाड्याने राहिलं. मित्राने ओळखायची खूण सांगितली. कस्टमचा अधिकारी कधीही कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही, आणि कस्टमच्या पत्रावर डिन नावाचा एक नंबर असतो, तो सरकारच्याच साइटवर तपासता येतो. कुरिअरचा मेल असेल तर ट्रॅकिंग नंबर आपण स्वतः कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, मेलमधल्या लिंकवर जायचं नाही.

“शंभर रुपयांपर्यंत ड्युटी होत असेल तर घेतच नाहीत,” तो उठता उठता म्हणाला. “राख्यांचं निभतं ते त्यावर.”

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच दुखणं. तर तसंही नाही. 2021 च्या जानेवारीत ब्रिटनने पंधरा पौंडांपर्यंतची व्हॅटमाफी काढली, त्याच जुलैत युरोपीय संघाने बावीस युरोंची. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 ला आठशे डॉलरची सूट बंद केली आणि आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवावं लागलं. ती पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. दिवाळी पाच-सहा दिवसांवर! चिंचवडमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या आईने न्यू जर्सीतल्या मुलासाठी केलेल्या चकल्या त्या महिन्यात सोसायटीने खाल्ल्या. अप्रतिम होत्या, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

काकूला मी हे सगळं घरी जाऊन सांगितलं. कराला करपर्यंत तिला पटलं. पिंपरी-चिंचवडची जकात तिने बघितली आहे. ट्रकच्या रांगा, नाक्यावरची पावती. महापालिकेची जकात 2013 मध्ये गेली, एलबीटी आला, तोही गेला, 2017 ला जीएसटी आला. “जकात गेली म्हणता, ती विमानतळावर जाऊन बसली होय,” काकू म्हणाली. पण ‘आपलीच वस्तू’ हा तिचा मुद्दा तिने सोडला नाही, आणि गंमत म्हणजे मित्राच्या मते त्यात दम होता. भारतातून गेलेली वस्तू परत आली तर कायद्यात तिची वेगळी सोय आहे. फक्त ती इथूनच गेली होती हे सिद्ध करावं लागतं. काकांनी जाताना विमानतळावर कस्टमकडे कॅमेरा दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं असतं तर माझ्या हातात निदान भांडायला कागद असता. पण गळ्यात कॅमेरा अडकवून लेकीकडे निघालेला माणूस असं सर्टिफिकेट मागतो का? तो खिडकीची सीट मागतो.

कुरिअरचा डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळेगावच्या बाजूला. काउंटरवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. मी आवाज चढवायचं ठरवून गेले होते. तिच्यासमोर पासष्ट खोकी आणि एक बंद पडलेला स्कॅनर बघून तो विचार सोडला. मित्राने सांगितलेलं तेवढंच बोलले. सरकारी रकमेची पावती वेगळी द्या, तुमच्या तीन फी कशाच्या ते लिहून द्या, आणि खोक्यावर माझा मोबाइल नंबर बरोबर असताना पाच दिवसांत एकही फोन किंवा एसएमएस का आला नाही ते सांगा. तिने वर कुणालातरी मेल केला. तासाभराने उत्तर आलं. साठवणूक माफ. बाराशे आणि त्यावरचे 216, एकूण 1416 वाचले. बाकी एक रुपया कमी झाला नाही.

12 हजार 985. त्यातले सात मी यूपीआयने दिले. उरलेल्या पैशांची घडी काकूने निघताना माझ्या पर्समध्ये कोंबली होती, फडताळातल्या डब्यातली. नोटांना तिखटाचा वास येत होता.

खोकं मी तिथेच फोडलं. फेसाळ प्लॅस्टिकच्या तीन घड्या, आत काकांची चामडी केस, पट्ट्याला त्यांनी स्वतः मारलेला रिव्हेट, टूलरूमचा. झाकण उघडलं तर कोपऱ्यात ताईची चिठ्ठी, बॅटरी कुठली लागते त्याची. खाली ‘सांभाळून’.

सहा वाजता निघाले आणि शिफ्ट सुटली. झालं! खराबवाडीपर्यंत रस्ता म्हणजे पार्किंग. पुढे एक चाळीस फुटी कंटेनर, मागे कंपनीच्या बसेस, मध्ये मी, स्कूटरच्या पायाशी खोकं. इंजिन बंद करून बसले होते तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी केस उघडून तिला कॅमेरा दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नाक पुसत म्हणाली, “बाबांचा फ्लॅशपण सापडलाय गं. माळ्यावर होता. उद्या कुरिअर करू?”

“अजिबात नाही!” मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बसमधून दोघांनी खिडकीबाहेर डोकी काढली. “प्रवाशाच्या बॅगेत ठरावीक किमतीपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय येतं. तू स्वतः ये घेऊन.”

“मला सुट्टी कुठेय...”

“मग मेमध्ये ये. काकू कुरडया घालणार आहे.”

पलीकडे ती कॅलेंडर बघत असावी. पुढचा कंटेनर दोन फूट सरकला.